भाऊजींचं तिसरं चाक

माझे धाकटे दीर मोटारसायकली विकतात. दुकान लहान आहे. पुढच्या काचेमागे चार गाड्या मावतात. पाचवी ठेवली तर गिऱ्हाईकाला तिरकं होऊन आत यावं लागतं. मागे पत्र्याची शेड आहे, तिथे मिस्त्रीचं दुरुस्तीचं काम चालतं, आणि शेडपुढे थोडं अंगण. मधल्या खोलीत सुट्या भागांचं काउंटर आहे. तिथे मी बसते.

तिथे मला भाऊजींनीच बसवलं. माझे यजमान गेल्यावर मी घरात नुसती बसून असायची. देवापुढे बसलं तरी मन तिथे नसायचं. एक दिवस जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, घरात भिंती मोजत बसण्यापेक्षा दुकानात येऊन नट मोजा."

माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, आम्ही तिला धाकटीच म्हणतो, ती म्हणाली, "अहो, त्यांना नटबोल्ट काय कळतात?"

"तुला तरी मी कुठे कळलो होतो? आलीस ना नांदायला?"

धाकटीने त्यांच्या ताटात भात जरा जोरात वाढला, आणि दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर गेले. सहा महिन्यांत वायसर आणि बेअरिंग डोळे मिटून ओळखायला लागले. त्या काउंटरने मला जगवलं असं मी म्हणते, तेव्हा कुणाला ते जास्त वाटेल. मला वाटत नाही.

भाऊजींची कामाची एक पद्धत होती. गाडी नवी असो की जुनी, चावी देण्याआधी ते स्वतः तिच्यावर बसून फेरी मारून येत. परत आले की इंजिन चालू ठेवून शेजारी मान वाकडी करून उभे राहत. मग एक तर म्हणत, "हं, घेऊन जा," नाही तर मिस्त्रीला हाक मारत, "हिची साखळी कण्हतेय, बघ." गिऱ्हाईकाला घाई असली तर ते कुरकुर करायचं. भाऊजी ऐकायचे नाहीत. "मी ज्या गाडीवर बसलो नाही, ती मी दुसऱ्याच्या मुलाला कशी देऊ?" एवढंच त्यांचं उत्तर. लोकांना ते ठाऊक झालं होतं. मोठमोठी दुकानं सोडून माणसं आमच्या गल्लीत यायची ती त्यासाठीच.

मागच्या वर्षी त्यांना ताप आला. साधाच ताप, उतरलाही. पण उठून बसले तर खोली गरगर फिरायला लागली. पलंगाची कड धरून ते म्हणाले, "अगं, हे घर कुणी ढकलतंय का?" डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो एका बाजूचा कायमचा गेला. डोळे आणि पाय हळूहळू त्याचं काम शिकून घेतील. चालाल, फिराल, जिने चढाल. दुचाकी मात्र विसरा.

ते चालायला लागले. भिंतीला हात लावत, अंधारात धाकटीचा खांदा धरत. पण दुचाकी विसरले नाहीत. आम्हाला न सांगता एक दिवस दुकानासमोर गाडीवर बसले. गाडी हललीसुद्धा नव्हती. रस्त्यापलीकडून कुणी हाक मारली, यांनी मान वळवली, आणि उभ्या गाडीसकट आडवे झाले. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी धावत जाऊन उचललं. यांनी पँट झटकली, आत आले, चावी माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ही मिस्त्रीकडे द्या. यापुढे फेरी तो मारेल."

मिस्त्री मनापासून फेरी मारायचा. पण तो बोलण्यातला माणूस नाही. परत आला की भाऊजी खुर्चीतून विचारायचे, "कशी आहे?"

"बरी आहे, मालक."

"बरी म्हणजे कशी?"

"बरी म्हणजे... बरी."

भाऊजी हात टेकायचे. आणि मग गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणायचे, "वहिनी, मी आता न बसता गाड्या विकतो. ही लबाडी आहे. मला हे जमायचं नाही."

याच सुमारास कोपऱ्यावरचा मोबाइलवाला आमच्या जागेबद्दल विचारायला आला. माणूस भला आहे, त्याचा काही दोष नाही. त्याचं दुकान वाढलं होतं, त्याला शेजारीच जागा हवी होती. भाऊजींनी लगेच हो म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. महिनाअखेरीला सांगतो, म्हणाले. धाकटी स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, दुकान गेलं तर हा माणूस पलंगाला चिकटेल. आणि मग उठायचा नाही." मला माझं काउंटर जाईल ही धास्ती होतीच, पण धाकटी म्हणाली ती धास्ती त्याहून मोठी होती. मी रोज संध्याकाळी हात जोडून तेच मागायची. देवा, त्यांना परत बसव. कशावर ते मला सुचत नव्हतं, म्हणून तेवढंच मागायची.

अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक तीनचाकी पडून होती. रिक्षा नव्हे. मोटारसायकलच, फक्त मागे एकाऐवजी दोन चाकं, चांगली रुंद. कुणीतरी नवी गाडी घेताना बदल्यात देऊन गेलं होतं आणि तिला कोणी विचारत नव्हतं. मिस्त्री तिला म्हैस म्हणायचा. भाऊजींनी ठरवलं, जागा सोडायची तर आधी ही म्हैस विकली पाहिजे.

मिस्त्रीनेच माहिती आणली. मोबाइलवर तीनचाकी चालवणाऱ्यांचा एक गट आहे, म्हणाला, तिथे टाका. स्क्रीनवरच्या ओळी वर सरकायला लागल्या की भाऊजींना गरगरतं, त्यामुळे वाचणं-लिहिणं माझ्याकडे आलं. मी मराठी शाळेत शिकलेली, मजकूर अगदी शाळेतल्या अर्जासारखा लिहिला: मी मोटारसायकलींचा विक्रेता आहे, माझ्याकडे एक तीनचाकी विकावयाची आहे, स्थिती उत्तम, इच्छुकांनी संपर्क साधावा.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "नमस्कार. या गटात नवीन माणसाने आधी आपला फोटो टाकायचा. तीनचाकीवर बसलेला, आणि चालवून आल्यानंतरचा. तिसरं चाक का लागलं ते खाली एका ओळीत लिहायचं. जाहिरात त्याच्यानंतर."

"हे सांगणारं कोण?" भाऊजींनी विचारलं.

मी वर-खाली बघून सांगितलं, "गटप्रमुख आहेत. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सगळे हेडबाई म्हणतात."

"म्हणजे आता मला या वयात शाळेत घालणार."

मग मी बाकीच्यांच्या ओळी वाचून दाखवल्या. एकाने फोटोखाली लिहिलं होतं, "कंबर." एकाने, "वय." एकाने लिहिलं होतं, "बायको म्हणाली, एक तर दोन चाकं, नाही तर मी." एकीने, "हात थरथरतात. गाडीच थरथरत असल्यामुळे कुणाला कळत नाही." आणि एका दणकट माणसाने लिहिलं होतं, "डावा पाय गुडघ्याखाली नाही. उजवा आहे, तो पुरतो." त्या माणसाला सगळे पुरतो याच नावाने हाक मारत होते.

भाऊजी ऐकत होते. मग म्हणाले, "तो गुडघ्याचा परत वाचा."

मी परत वाचला.

"ठीक आहे. फोटो काढून टाकू."

"नुसतं बसा की, मालक," मिस्त्री म्हणाला. "मी काढतो. चालवलीय की नाही ते कोण बघायला येतंय?"

"चालवून आल्यानंतरचा म्हणाल्यात ना बाई? मग चालवूनच."

मिस्त्रीने ताडपत्री ओढली, चाकात हवा भरली, तेल बदललं. भाऊजी एका हाताने भिंत धरत आले आणि बसले. बसल्या बसल्या त्यांचा पाय खाली काहीतरी चाचपायला लागला.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"स्टँड."

"हिला स्टँड नसतो, मालक. ती पडतच नाही. हँडब्रेक आहे बघा."

पडतच नाही म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी गाडी सुरू केली आणि मागच्या गल्लीत काढली. सरळ रस्त्यावर छान गेले. गल्लीच्या टोकाला उजवीकडे वळायचं होतं. तिथे डाव्या हाताला एक गादीवाला आहे, तो नव्या गाद्या दाराबाहेर उभ्या करून ठेवतो. भाऊजी उजवीकडे वळायला गेले आणि गाडी डावीकडे जाऊन गाद्यांमध्ये घुसली.

आम्ही धावत गेलो. लागलं कुणालाच नव्हतं. भाऊजी दोन गाद्यांच्या मध्ये, हँडल घट्ट धरून, तसेच बसले होते.

गादीवाला बाहेर आला. "झोप येत होती तर सांगायचं. आत अंथरून दिली असती."

"गाडी उलटी वळते," भाऊजी म्हणाले.

मिस्त्रीने पुढची बाजू सगळी सोडवली. हँडल, दांडे, बेअरिंग, सगळं फडक्यावर मांडलं. एक एक तपासलं, पुन्हा जोडलं. खोट सापडली नाही. भाऊजी पुन्हा बसले. या वेळी वेळेवर ब्रेक लागला म्हणून गाद्या वाचल्या, पण गाडीने तेच केलं. उजवीकडे म्हटलं की डावीकडे. ते उतरले आणि मला म्हणाले, "लिहा त्या बाईंना. अशी उलट्या डोक्याची गाडी मी कुणाला विकणार नाही. आणि फोटोही टाकणार नाही."

मी लिहिलं. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. भाऊजींना मी ते सांगितलं नाही. मग हेडबाईंचं आलं. "किती वर्षं दुचाकी चालवली?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून, लिहा," भाऊजी म्हणाले.

"मग गाडी ठीक आहे," हेडबाईंनी लिहिलं. "खोट तुमच्यात आहे. काळजी करू नका, आम्हा सगळ्यांत होती. पुरतो सांगेल."

पुरतोने बोलून पाठवलं. आवाज अगदी त्याच्या फोटोसारखा, रुंद. "काका, ऐका. दुचाकी जरा वेगात असली की उजवीकडे वळताना आपण उजवी मूठ पुढे ढकलतो. हँडल क्षणभर डावीकडे जातं, त्यामुळे गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. हे आपलं अंग करतं, आपल्याला पत्ता नसतो. पण तीनचाकी कलतच नाही. तिची उजवी मूठ पुढे ढकलली की ती सरळ डावीकडे जाणार. जितका मुरलेला दुचाकीवाला, तितका जोरात भिंतीवर. मी एका न्हाव्याच्या दुकानात घुसलो होतो."

"मी असलं काही ढकलत नाही," भाऊजी म्हणाले. "मला हँडल शिकवतात."

मिस्त्री एक दुचाकी घेऊन गल्लीत गेला. दोन फेऱ्या मारल्या. परत आला तो डोकं खाजवत. "मालक, खरं आहे. मी ढकलतो. जन्मभर ढकलतोय, आणि मला आज कळलं."

भाऊजींचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. एवढा मुरलेला माणूस, आणि त्याचं मुरणंच त्याला आडवं आलं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "राहू दे. आता या वयात अंगाला काय सांगणार? म्हैस भंगारात द्या आणि मोबाइलवाल्याला बोलवा."

मी त्यांना न विचारता हेडबाईंना लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा शुद्धलेखन न बघता लिहिलं. ते हरले आहेत, काय करू? बाईंनी विचारलं, "घरात कधीही दुचाकी न चालवलेलं कुणी आहे का? त्याला बसवा. आणि यांना म्हणावं, समोर बसून फक्त बघा. मुरलेल्या माणसाला सांगून कळत नाही."

मी हे मोठ्याने वाचलं. धाकटी स्कूटर चालवते. मिस्त्री तर मिस्त्रीच. दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"मला सायकलही येत नाही," मी म्हटलं.

"तेच तर पाहिजे, ताई," धाकटी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "तुम्ही अगदी कोऱ्या आहात."

मी कपडे सावरून बसले. देवाचं नाव घेतलं. मिस्त्रीने कुठे काय दाबायचं ते दाखवलं आणि गाडीला हात लावून शेजारून चालायला लागला. अंगणाच्या मध्ये पाण्याचं पिंप होतं, त्याला वळसा घालायचा होता. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. जिकडे जायचं तिकडे हँडल नेलं, बाळाची ढकलगाडी नेतात तसं. गाडी वळली. मी पिंपाला फेरी मारून आले. मिस्त्रीने हात काढून घेतला होता हे मला दुसऱ्या फेरीला कळलं.

भाऊजी उलट्या खोक्यावर बसून बघत होते. मला वाटलं आता टोमणा मारतील. ते म्हणाले, "वहिनी, अजून एकदा. सावकाश. उजवीकडे वळताना मला हात दिसू देत."

मी तशी फेरी मारली.

"तुम्ही उजवी मूठ मागे ओढता," ते म्हणाले.

"मी काही ओढत नाही. जिकडे जायचंय तिकडे नेते. दुसरं काय करायचं असतं?"

भाऊजी माझ्याकडे बघून हसले. त्या पडण्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. धाकटी दारात उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली. तिला रडू आलं होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुकान उघडायच्या आधी भाऊजी अंगणात शिकायला लागले. तोंडाने म्हणत, "ने, ढकलू नको. ने, ढकलू नको." शेजारच्यांना वाटायचं हे मिस्त्रीवर ओरडतायत. काही सवयी सुटल्या, काही चिवट निघाल्या. थांबलं की पाय जमिनीला लावायची सवय त्यातलीच. दुचाकीवाल्याचा पाय आपोआप खाली जातो. तीनचाकीला ते नकोच असतं, उलट पाय खाली गेला की मागचं चाक त्याच्यावर येतं. हे पुरतोने दहा वेळा बजावलं होतं. तरी एका सकाळी मला अंगणातून शांत आवाजात हाक आली, "वहिनी, मिस्त्रीला पाठवा. मला उतरता येत नाहीये."

जाऊन बघते तर चाक त्यांच्या चपलेच्या पुढच्या टोकावर बसलेलं. बोटं केसभराने वाचली होती. मिस्त्रीने गाडी पुढे ढकलली. चपलेचा अगदी कागदच झाला होता.

"मालक, गिऱ्हाइकांना बूट घाला म्हणून रोज कोण सांगतं?"

"तो फेरीला जायचा नियम आहे. अंगणातला वेगळा."

"अंगणातलं चाक वेगळं नाही, मालक."

भाऊजींनीच मला त्या चपलेचा फोटो टाकायला सांगितलं. मग जे झालं ते मी विसरणार नाही. गटातले लोक एकामागून एक आपापली पादत्राणं टाकायला लागले. चपटे बूट, टाच तुटलेले सँडल, एक रबरी चप्पल जिच्यावर टायरची नक्षी जशीच्या तशी उमटली होती. पुरतोने आपल्या लाकडी पायाच्या बुटाचा फोटो टाकला. "मला दुखलं नाही," एवढंच खाली. मी एकेक वर्णन करून सांगत होते आणि भाऊजी पोट धरून हसत होते. हेडबाईंनी लिहिलं, "आता तुम्ही आमचे झालात. फोटो मात्र अजून बाकी आहे."

फोटो त्याच आठवड्यात निघाला. भाऊजी बूट घालून, गादीवाल्याच्या डोळ्यांदेखत उजवीकडे वळून, तळ्यापर्यंत जाऊन आले. गादीवाल्याने त्या दिवशी गाद्या आत घेऊन ठेवल्या होत्या, तो म्हणाला, उगाच आत घेतल्या. भाऊजींचे केस उडालेले, डोळ्यांत पाणी आलेलं, ते वाऱ्याने असेल. मिस्त्रीने फोटो काढला. खाली काय लिहू, मी विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, जसं आधीच ठरवलं होतं. "तोल गेला. हौस गेली नाही."

"आणि जाहिरात?" मी विचारलं.

"कसली जाहिरात?" असं म्हणून ते हात धुवायला गेले.

दोन दिवसांनी एक नवी गाडी द्यायची होती. मिस्त्री फेरीला निघाला, तर भाऊजी तीनचाकी घेऊन त्याच्या मागे. परत आल्यावर मिस्त्री काही बोलायच्या आत म्हणाले, "बरी आहे म्हणू नकोस. मागचा ब्रेक घासतोय, मी सगळ्या रस्ताभर ऐकला." गिऱ्हाईक समोर उभं होतं. ते म्हणालं, "काका, तुम्ही तर आता बाहेरून ऐकता." भाऊजी दिवसभर गुणगुणत होते.

तरी जागेचं काही बोलत नव्हते. मोबाइलवाला येता-जाता नमस्कार करायचा, हे नमस्कार करायचे. महिनाअखेर जवळ आली होती. आम्ही दोघी विचारायला धजत नव्हतो.

त्याच रविवारी गटाची भेट ठरली, गावाबाहेरच्या मैदानावर. मी भाऊजींच्या मागे बसले, धाकटी आणि मिस्त्री स्कूटरवर. मैदानात तीनचाक्यांची ओळ होती. हेडबाई मी समजत होते तशा धिप्पाड नव्हत्या. लहानखुऱ्या, काठी गाडीच्या बाजूला कातडी पट्ट्यात अडकवलेली, आवाज मात्र मैदानभर. "हे चपलेवाले," असं म्हणून त्यांनी भाऊजींची ओळख करून दिली.

भाऊजी उतरले आणि दोन पावलांत थबकले. मैदान उंचसखल होतं, गवताखाली खड्डे. असल्या जमिनीवर त्यांना अजूनही उभं राहवत नाही. धरायला भिंत नव्हती. मी पुढे होणार, तेवढ्यात एक आडवा माणूस लंगडत आला. पुरतो. त्याने खांदा पुढे केला. "धरा काका. माझा पाय एकच आहे, पण तो जागचा हलत नाही."

भाऊजींनी खांदा धरला. घरच्यांशिवाय दुसऱ्या कुणाचा खांदा त्यांनी तोवर धरला नव्हता. मला त्या वेळी दोन्ही हात जोडावेसे वाटले, पण हातात पाण्याच्या बाटल्या होत्या.

चहा झाला, गप्पा झाल्या. सगळ्यांची एकच रड होती. गाडी बिघडली की जायचं कुठे? दुकानात गेलं की मागची दोन चाकं बघून लोक म्हणतात, हे आमच्याकडे होत नाही. थरथरत्या हातांच्या बाई म्हणाल्या, "मी तर फाटकाबाहेर गाडी लावून आत विचारते. दिसली की आधीच नाही म्हणतात." पुरतोची गाडीही महिनाभर कुरकुरत होती.

"सुरू कर," भाऊजी म्हणाले.

पुरतोने सुरू केली. भाऊजी त्याच्या खांद्यावरचा हात न काढता वाकले. आजूबाजूचं बोलणं थांबलं. "मागचं डावं बेअरिंग. अजून फार गेलेलं नाही. दुकानात आण."

बोलून गेले आणि त्यांच्याच लक्षात आलं. मी, धाकटी, मिस्त्री, तिघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. ते बघत होते समोरच्या रांगेकडे. घरी येताना मी त्यांच्या पाठीमागे बसून मनातल्या मनात प्रार्थना म्हणत आले.

सोमवारी मी दुकानात पोचले तर मागून ठोकल्याचा आवाज. धावत अंगणात गेले. एक गवंडी फाटकाचा डावा खांब फोडत होता, आणि भाऊजी खोक्यावर बसून त्याला सांगत होते, अजून इकडे, अजून.

"हे काय?"

"पुरतोची गाडी आपल्या म्हशीपेक्षा रुंद आहे. मी काल डोळ्यांनी मापून घेतली. या फाटकातून येणार नाही."

मी तशीच उभी राहिले. जी जागा सोडायची असते तिचा खांब कुणी फोडत नाही, एवढं मला कळत होतं.

थोड्या वेळाने मोबाइलवाला आला. आज त्याला उत्तर मिळायचं होतं. तो दारात उभा राहिला, फुटक्या विटा बघितल्या, धूळ बघितली.

"म्हणजे..." तो म्हणाला.

भाऊजी उठले. भिंतीला हात लावून त्याच्यापर्यंत गेले. "तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा. माझं मलाच कळत नव्हतं. तळ्याच्या रस्त्याला दोन गाळे रिकामे आहेत. चला, दाखवतो. मागे बसा, ही पडत नाही."

तो भला माणूस खरंच मागे बसला. फाटकातून बाहेर पडताना दोघं विटांच्या ढिगावरून जरा उडाले. धाकटी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. गल्लीच्या टोकाला गाडी उजवीकडे वळली. "सांभाळून," ती पुटपुटली, पण आवाजात काळजी नव्हती. मग गवंड्याला चहा करायला आत गेली.

दिवसभर खांब फुटत राहिला आणि त्या धुळीने माझ्या काउंटरवरचे सगळे डबे भरले. एरवी धुळीला मी फार वैतागते. त्या दिवशी फडकं घेऊन एकेक डबा पुसत गेले आणि पुसताना देवाचे आभार मानत गेले, हेडबाईंसाठी, पुरतोसाठी, गादीवाल्याच्या गाद्यांसाठीसुद्धा. शेवटच्या डब्यापर्यंत पोचले की पहिल्यावर परत धूळ बसलेली असायची. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.